देव ज्या वाटेने आले

आमच्या घराण्याचे कुलदैवत कवळ्याची श्रीशांतादुर्गा. बिऱ्हाड मात्र चार पिढ्यांपासून मुंबईस. घरात मुंज झाली, लग्न झाले, पाळणा हलला, की देवीच्या पायांवर घालावयास कवळ्यास जावयाचे, हा आमचा शिरस्ता. रात्रीची आगगाडी धरावी, सकाळी मडगावास उतरावे, मोटारीने कवळे गाठावे, अग्रशाळेत स्नान उरकावे, अभिषेक करावा, देवीची ओटी भरावी, महाप्रसाद घ्यावा आणि संध्याकाळी आले तसे परत फिरावे. अशा दहाबारा यात्रा आमच्या हातून घडल्या असतील. तेवढ्या पुंजीवर कोणी ‘गोवा पाहिला का?’ असे विचारले म्हणजे आम्ही बेधडक ‘हो’ म्हणून सांगत आलो.

ह्या आमच्या खात्रीला तडा दिला तो आमच्या अकरा वर्षांच्या पुतणीने. शाळेसाठी तिला घराण्याची माहिती लिहून न्यावयाची होती. आडनाव, गोत्र, मूळ गाव असे रकाने भरीत ती कुलदैवतापाशी आली आणि तिने विचारले, “देवी मूळची कवळ्याचीच ना?” दादा म्हणाले, “नव्हे. ती मूळची केळोशीची. फिरंग्यांच्या अमलात तिला कवळ्यास आणली.” “मग केळोशीला आता काय आहे?” ह्या प्रश्नास घरात कोणापाशीच उत्तर नव्हते. शेवटी सर्वांनी आईकडे पाहिले. आईचे वय ब्याऐंशी. ती म्हणाली, “मला तरी तिथे कोणी नेले आहे?”

त्या एका वाक्यातून आमचा हा प्रवास निघाला.

जावयाचे ठरले, तरी सर्वांचे एकमत नव्हते. दादांचे म्हणणे असे, की पाडलेल्या घराची जागा पाहून मिळवावयाचे काय? मुलांच्या मनात उगाच कडवटपणा मात्र शिरावयाचा. मुलांना तर देवळांची ददातच नव्हती. त्यांना समुद्र हवा होता. वहिनींना जुन्या गोव्यातील इमारती पाहावयाच्या होत्या. अखेरीस तीन दिवसांचा बेत ठरला. ज्या देवस्थानी जावयाचे, त्या देवाचे मूळ ठिकाणही शक्य तेथे पाहावयाचे, एवढा एकच नियम आम्ही घालून घेतला. हा नियम किती फलद्रूप झाला, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे; कारण तो जाणल्यावाचून गोमंतकातील देवळांचा नकाशाच उलगडत नाही. पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतले ते १५१० साली. सालसेत आणि बारदेश हे प्रांत त्यांच्याकडे आले ते १५४३ साली. पुढे धर्मांतराचा रेटा वाढला, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले, आणि त्याच दशकात सालसेतीतील देवळे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. एकट्या सालसेतीत सुमारे २८० देवळे जमीनदोस्त झाल्याचे सांगतात. जुवारी नदीच्या पलीकडे मात्र अंत्रुज महाल होता, आणि तो तेव्हा आदिलशाही अमलाखाली होता. तेथे पोर्तुगीजांचा हात पोचत नव्हता. म्हणून गावोगावच्या महाजनांनी देव उचलले आणि रात्रीच्या अंधारात होड्यांत घालून नदीपार केले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याच्या परिसरात, राईची कामाक्षी शिरोड्यास. आज फोंडा तालुक्यात हाकेच्या अंतरावर एवढी मोठी देवस्थाने का, ह्याचे उत्तर हेच. ती निर्वासितांची वस्ती आहे. आपण ज्याला तीर्थक्षेत्रांचा मेळा समजतो, तो एके काळी आश्रयाला आलेल्यांचा तळ होता.

मडगावाहून आम्ही प्रथम केळोशीस गेलो. गाव जुवारीच्या दक्षिण अंगाला, कुठ्ठाळीच्या शेजारी. कुठ्ठाळी म्हणजेच जुनी कुशस्थळी, मंगेशाचे मूळ स्थान. तांबडी माती, चिऱ्याचे गडगे, माडांच्या राया, अंगणात क्रूस असलेली घरे आणि मधूनच दिसणारे खाडीचे पाणी, असा तो मुलूख. दादांनी मोटार सावलीत उभी करविली. आई काठी टेकीत चार पावले चालली आणि उभी राहिली. कोणीच काही बोलेना. पाहावयास तसे काहीच नव्हते, आणि तरी तेथून हलवेना.

इतक्यात शेजारच्या घरातून एक वृद्ध ख्रिस्ती बाई बाहेर आली. आम्ही कोण, कोठले, असे तिने कोकणीत विचारले. आईचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. तिला कोकणी चांगली समजते. आईने ‘कवळ्याच्या देवीची माणसे’ म्हणून सांगताच ती बाई म्हणाली, “तुमची सायबीण हांगाच आशिल्ली. म्हजी आजी सांगताली.” सायबीण हा शब्द गोव्यातील ख्रिस्ती लोक मेरीमातेस लावतात. तोच शब्द तिने आमच्या देवीला सहज लावला. तिच्या आजीला तिच्या आजीने सांगितले असेल; साडेचारशे वर्षांची ही आठवण, धर्म बदलला तरी, त्या घरांतून पुसली गेली नव्हती. आम्ही ज्या गोष्टीचा पत्ता इतक्या पिढ्यांत काढला नाही, ती तिने उंबरठ्यावर उभे राहून सांगितली.

आईने ओटीच्या सामानातील एक नारळ काढून तिच्या हाती दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, आत गेली आणि परत येताना ओंजळभर आबोलीची फुले घेऊन आली. तिच्या परसात आबोलीचा ताटवा होता. “तिका दी,” एवढेच ती म्हणाली. ‘तिला दे.’

मोटारीत बसल्यावर दादा हलक्या आवाजात म्हणाले, “आई, ही फुले आपण देवीला कशी वाहायची? ती ख्रिस्ती घरची. भटजी काय म्हणतील?” आईने रुमालात फुले नीट बांधली आणि उत्तर दिले, “मुलीला माहेरून आलेली फुले आहेत. माहेरच्या माणसांची जात विचारतात का?” दादा गप्प बसले. आम्हीही गप्पच होतो; कारण हा प्रश्न आमच्या मनातही आला होता, आणि तो विचारण्याचे धैर्य मात्र दादांनीच दाखविले होते.

तेथून लोटलीवरून बोरीच्या पुलाकडे निघालो. पुलावर मोटार थोडी मंद करावयास सांगितली. खाली जुवारीचे रुंद, संथ पात्र, कडेला खारफुटीची झाडी. हीच नदी देवांनी ओलांडली. पूल आम्हांस पाच मिनिटेही लागला नाही. अंधारात, भरतीच्या पाण्यावर, मागे वळून पाहत जाणाऱ्या माणसांस तो प्रवास किती लांबीचा वाटला असेल, ह्याची कल्पना त्या पुलावर थोडीशी येते.

कवळ्याचे सध्याचे देवालय १७३८ च्या सुमारास पुरे झाले. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील मंत्री नारोराम ह्यांनी त्यासाठी खटपट केली आणि महाराजांकडून द्रव्यसाहाय्य मिळविले. हे नारोराम वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी देशावरची हेमाडपंती देवळे पाहिली आहेत, त्यांस गोमंतकातील देवळे पाहून प्रथम नवल वाटते. काळ्या पाषाणाचे शिखर येथे नाही. चिऱ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा, वर उतरती कौलारू छपरे, गाभाऱ्यावर अष्टकोनी बैठकीचा घुमट, सभामंडपात काचेची झुंबरे, दारांवर चांदीचे पत्रे, आणि समोर मजल्यामजल्यांची पांढरी दीपमाळ. दख्खनी घुमटाची ओळख, फिरंगी गवंड्याची कमान, कोकणचे कौल आणि आपला गाभारा, असे ते मिश्रण आहे. पळून आलेल्या देवांची घरे बांधताना महाजनांनी हाताशी जे कसब मिळाले ते घेतले. ज्या लोकांनी देऊळ पाडले त्यांच्याच इमारतींची कमान आपल्या देवळास लावताना त्यांस संकोच वाटला नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

शांतादुर्गा हे नाव कसे पडले, ही कथा बहुतेकांस ठाऊक असेल. शिव आणि विष्णू ह्यांचे युद्ध जुंपले असता देवी मध्ये उभी राहिली, दोघांस दोन हातांनी आवरले आणि भांडण मिटविले. म्हणून ती शांता. लहानपणापासून ही कथा आम्ही ऐकत आलो. त्या दिवशी आईने ओटीबरोबर तो रुमाल सोडून फुले पुढे केली आणि भटजींस सांगितले, “केळोशीची आहेत.” भटजींनी क्षणभर आईकडे पाहिले, फुले उचलली आणि देवीच्या पायांवर ठेविली. कोणाकडची, हे त्यांनी विचारले नाही. दादा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, एवढे आम्ही पाहिले. ती कथा आम्हांस कळली असेल तर त्या क्षणी.

दुपारी महाप्रसादास खतखते होते. निरनिराळ्या भाज्यांचे हे तेफळ घातलेले कालवण ज्यांनी खाल्ले नाही, त्यांनी गोमंतकाची निम्मी ओळख चुकविली असे आम्ही म्हणू. नंतर हरभऱ्याच्या डाळीचे, गूळ आणि नारळाच्या रसातले मणगणे. मुलांनी दोनदा मागून घेतले, आणि समुद्राचा विषय संध्याकाळपर्यंत निघाला नाही.

उरलेल्या वेळात जवळची देवस्थाने पाहिली. मंगेशीची सात मजल्यांची दीपमाळ सर्वांस परिचित आहे. म्हार्दोळास महालसेपुढे कूर्माच्या पाठीवर उभी असलेली एकवीस थरांची पितळी समई पाहावी. पावसाळ्यात येथे जाईच्या फुलांची पूजा बांधतात. म्हार्दोळची जाई साऱ्या गोव्यात नावाजलेली. ह्या महालसेचे मूळ स्थान वेर्णे, आणि तेथेही आता तिचे नवे देऊळ उभे राहिले आहे. बांदिवड्यास नागेशी आहे. हा देव मात्र कोठून आलेला नव्हे. तो पहिल्यापासून येथलाच. त्याच्या आवारात १४१३ सालचा शिलालेख आहे, आणि सभामंडपात लाकडावर कोरलेले रामायणातील प्रसंग आहेत. पाहुण्यांनी गजबजलेल्या गावात हा एक यजमान. त्याच बांदिवड्यात महालक्ष्मी आहे. ती परंपरेप्रमाणे कोलव्याची. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले. कारण दुसऱ्या दिवशी सायंकाळी ज्या कोलव्याच्या समुद्रावर त्यांना न्यावयाचे होते, तेच हे गाव. समुद्रही ह्या कथेबाहेर राहिला नाही.

मंगेशीच्या आवारात आणखी एक गोष्ट मनात आली, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९०० साली ह्याच गावी जन्मले. केसरबाई केरकर १८९२ साली जवळच्या केरी गावी जन्मल्या. त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली. मोगूबाई कुर्डीकर १९०४ च्या, कुर्डी गावच्या. आपण अभिमानाने ही नावे घेतो. पण ज्या समाजातून हे कलावंत आले, त्या समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ह्याच देवळांत सेवा म्हणून गाइले आणि नाचले, आणि त्या सेवेच्या बदल्यात आपल्या समाजाने त्यांस मान दिला नाही; उलट त्यांचे घरचे जीवन हिरावून घेतले. देव संकटात असता त्यांस उचलून नेणारे आपले पूर्वज थोर होते, ह्यात शंका नाही. तेच पूर्वज ह्या स्त्रियांच्या बाबतीत थोर नव्हते. मुलांना एक सांगावयाचे तर दुसरेही सांगितले पाहिजे, असे आमचे मत आहे.

दुसरा दिवस जुन्या गोव्याचा. येथे वहिनी आमच्या वाटाड्या होत्या. सांता कातारिना ह्या संतेच्या नावाचे भव्य कॅथीड्रल १५६२ साली बांधावयास घेतले आणि १६१९ साली ते पुरे झाले. समोर बॉम जेजूसचे बासिलिका. ते १५९४ ते १६०५ ह्या काळातले. तेथे संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा देह ठेविला आहे. झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. तेथून त्यांचा देह मलाक्क्यास आणि तेथून गोव्यास आला. दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडचा असा सोहळा २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपला.

टेकडीवर संत ऑगस्टिनच्या मठाचे भग्नावशेष आहेत. उंच मनोऱ्याचा एक भाग मात्र अजून उभा. ह्या मठात जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी होत्या. इराणच्या शहाने तिला १६२४ साली शिराझ येथे धर्मांतर नाकारल्यामुळे ठार मारविले, आणि ऑगस्टिन पंथाच्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्यास आणिल्या. ढिगाऱ्यातून त्या सापडल्या, तपासणीने ओळख पटली, आणि २०२१ साली भारत सरकारने त्या जॉर्जियास अर्पण केल्या. पुतणीने लगेच विचारले, “म्हणजे तिलाही कोणी तरी उचलून आणले होते?” होय. आणि तिच्यावर जो प्रसंग गुदरला, तोच ह्या शहरात राहणाऱ्यांनी दुसऱ्यांवर आणला होता. दोन्ही गोष्टी एकाच टेकडीवर उभे राहून सांगाव्या लागतात.

हे शहर स्वतःही टिकले नाही. रोगराईने ते ओस पडत गेले, व्हाइसरॉय १७५९ साली पणजीकडे राहावयास गेला, आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. ज्यांनी इतरांस हलविले त्यांनाही एके दिवशी हलावे लागले. रस्ते गेले, बाजार गेले, तटबंदी गेली. चर्चे तेवढी उरली. १९८६ साली ह्या चर्चांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते. बेटाच्या टोकास जुने नार्वे. कदंब राजांचे दैवत जो सप्तकोटेश्वर, त्याचे देऊळ येथे होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर पुढे लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या मुलखात नेले आणि तेथेही एक नार्वे वसले. नाव सोबत नेण्याची ही रीत पाहून आम्हांस गहिवरून आले. घर सोडताना माणसे जड वस्तू मागे ठेवितात. नावाला वजन नसते. ह्या नव्या नार्व्यातील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला. दारावर तसा लेख आहे. अलीकडे २०२३ साली तेथील डागडुजी पुरी होऊन देऊळ पुन्हा खुले झाले. दुसऱ्या फेरीने नदी उतरून आम्ही तेथे गेलो. दोन फेऱ्या आणि मधले एक बेट, एवढा तो लिंगाचा मार्ग अर्ध्या दिवसात चालून होतो. सायंकाळी कबूल केल्याप्रमाणे कोलव्याचा समुद्र झाला. मुलांनी वाळूचे देऊळ बांधले. लाट आली तेव्हा धाकट्याने कळस उचलून वरच्या कोरड्या वाळूवर नेऊन ठेविला. कोणी शिकविले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे कुंकळ्ळी आणि फातर्पे. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५८३ साली पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला. त्यात पाच पाद्री मारले गेले. पुढे तहाच्या बोलण्यास म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविलेल्या गावच्या पुढाऱ्यांस पोर्तुगीजांनी दगा देऊन ठार केले. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीस आहे. गावची शांतादुर्गा त्या धामधुमीत फातर्प्यास गेली. पण ही देवी दर वर्षी माहेरी येते! फाल्गुनात शिमग्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ गावकर घराण्यांच्या, बारा छत्र्या घेऊन मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीस निघते. छत्र्यांच्या ह्या उत्सवास ‘सांत्र्यो’ म्हणतात. गुलालाने रस्ता न्हाऊन निघतो, आणि जी घराणी ख्रिस्ती झाली त्यांचाही ह्या उत्सवात सहभाग असतो. आम्ही मार्गशीर्षात गेलो होतो, म्हणून तो उत्सव पाहावयाचा राहिला. पण हे ऐकताच दादा आईकडे वळून म्हणाले, “म्हणजे तुझी आबोली काही नवी नव्हे.” आई म्हणाली, “मी कुठे नवी म्हटले?”

परतण्यापूर्वी सांगे तालुक्यातील साळावली धरणावर गेलो. ह्याच जलाशयाखाली मोगूबाईंचे कुर्डी गाव बुडाले आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत गाव उठविले गेले. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा मे महिन्यात काही दिवस घरांचे चौथरे, वाटा आणि सोमेश्वराचे स्थान उघडे पडते, आणि कुर्डीकर मंडळी तेथे जमून उत्सव करितात. गावातील जुने महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन्‌दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा बांधले आहे. येथे कोणी शत्रू नव्हता. दक्षिण गोव्यास पाणी हवे होते. मडगावास उतरलो त्या सकाळी आम्ही जे पाणी प्यालो ते ह्याच धरणाचे. ज्यांनी आपली घरे दिली त्यांची नावे पिणाऱ्यांस ठाऊक नाहीत, हे मात्र जुन्या कथेसारखेच.

ज्या वाचकांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांच्यासाठी चार शब्द. दसऱ्यानंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. हवा सुखाची असते आणि बरोबरच्या वडील माणसांस त्रास होत नाही. कुर्डी पाहावयाची असल्यास मात्र मेच गाठला पाहिजे. अग्रशाळेत उतरावयाचे तर देवस्थानास आधी कळवून ठेवावे. देवळांत आणि चर्चांत दोन्हीकडे अंगभर वस्त्रे असावीत. फेरीबोटीची वाट पाहण्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. त्या वेळेत नदी पाहून होते. जुन्या गोव्यास सकाळी लवकर जावे, म्हणजे गर्दी लागत नाही. बरोबर एखादे वृद्ध माणूस अवश्य असावे. त्यांच्याशी लोक बोलतात, आपल्याशी बोलतीलच असे नाही.

दादांच्या आक्षेपाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मूळ जागा पाहून मुलांच्या मनात कडवटपणा शिरेल, अशी त्यांस धास्ती होती. ती सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. जे घडले ते क्रूर होते, आणि ते मुलांना समजले. धाकट्याने ‘त्यांनी का पाडले?’ हा प्रश्न तीन दिवसांत निदान पाचदा विचारला, आणि प्रत्येक वेळी आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. परंतु केळोशीस न जाता कडवटपणा टळतो, असेही आमच्या अनुभवास आले नाही. न पाहिलेल्या जागेविषयी मनात केवळ राग राहतो. पाहिलेल्या जागेत राग असतो, आणि त्याच्या शेजारी एक आबोलीचा ताटवाही असतो.

पुतणीने शाळेच्या वहीत कुलदैवताच्या रकान्यात कवळे लिहिले, आणि मूळ स्थानासाठी रकाना नव्हता म्हणून समासात केळोशी लिहिले. आई अलीकडे वरचेवर विचारते, पुढच्या खेपेस कधी निघावयाचे. देवीचे दर्शन तर झाले, मग एवढी घाई कशाची, असे वहिनींनी परवा विचारले. आई म्हणाली, “त्या बाईला सांगायला हवे ना, फुले पोचली म्हणून.”